काळ्या मातीत अन् आपल्या तपनीत ख्रिसमस ट्री कसं जगवायचं

मजल्या-मजल्यांनी फांद्या सुटलेलं, सरळसोट उंच, मऊ पिसासारख्या पानांचं ते झाड तुम्ही एखाद्या रेस्ट हाऊसच्या नाहीतर लॉनच्या आवारात पाहिलंच असेल, नर्सरीत त्याला कोणी ख्रिसमस ट्री म्हणतं कोणी अरोकेरिया. गावात बरेच जण विचारतात की हे आपल्याकडं ४५ डिग्रीत जगते का. जगते. माझ्या अंगणात आता दुसरं झाड उभं आहे, पहिलं गेलं, पण ते उन्हाळ्यात नाही गेलं, भर ऑगस्टात गेलं. पानं मलूल दिसली म्हणून मी अजून पाणी घालत राहिलो आणि शेवटी उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून सडलेली, वास येत होता. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून आधी पाण्याच्या निचऱ्याचंच सांगतो.

हे झाड मूळचं पॅसिफिक समुद्रातल्या नॉरफॉक बेटावरचं. १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथं उतरला तेव्हा हे सरळ बुंधे पाहून त्याला वाटलं की जहाजाच्या डोलकाठ्या होतील. तिथं हवा वर्षभर दमट, फार ऊन नाही फार थंडी नाही, आणि जमिनीत पाणी थांबत नाही. आपली कपाशीची काळी जमीन पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. आपली थंडी मात्र त्याला काहीच करत नाही, आठ-नऊ डिग्री आरामात सोसते.

आता खड्डा. आंब्यासाठी करतो तसा तीन फुटाचा खोल खड्डा इथं करू नका. भारी जमिनीत खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली की तो पाणी साठवायच्या गंजासारखा, म्हणजे पातेल्यासारखा होतो, आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच येऊन बसतं आणि बाहेर निघायला जागा नाही. त्याऐवजी फूटभर जमीन खणून मोकळी करा आणि तिच्यावर दीड फूट उंच, पाच-सहा फूट रुंद असा मातीचा उंचवटा करा, झाड त्या उंचवट्यावर. मातीचं माप म्हणजे दोन घमेले काळी माती, एक घमेलं मुरूम, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. कच्चं शेण नको, उदई (वाळवी) अन् हुमणी दोन्ही येतात.

जागा घराच्या पूर्वेला धरा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर भिंतीची सावली. भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडाच, वरून लाईटची तार जात असेल तर तिथं लावूच नका, कारण याचा शेंडा एकदा छाटला की झाडाचा आकार कायमचा जातो.

रोप घेताना उंचीवर भाळू नका. दीड-दोन फुटाचं, एकच खोड असलेलं, शेंडा शाबूत आणि अगदी खालची फांदीही हिरवी असलेलं घ्या, कारण खालची फांदी एकदा वाळली की तिथं परत फुटत नाही. लावायचं कधी, तर लोक मृग लागला की लावतात, मी म्हणतो पोळा होऊ द्या. पावसाचा जोर उतरलेला असतो, जमीन ओली असते आणि उन्हाळ्याआधी मुळं धरायला पाच-सहा महिने मिळतात. पिशवी ब्लेडनं फाडा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, खोड मातीत गाडू नका.

खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांची. होळी झाली की पश्चिम आणि दक्षिण बाजूला बांबू रोवून पन्नास टक्के सावलीवाली हिरवी नेट बांधा, पानांना घासली नाही पाहिजे, आणि पाऊस नीट लागेपर्यंत काढू नका. बुडाशी सोयाबीनचं नाहीतर गव्हाचं कुटार तीन-चार इंच पसरवा, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. पाण्याला मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे बुडापासून दीड फुटावर एक साधं मडकं गळ्यापर्यंत गाडायचं आणि दर दोन दिवसांनी भरायचं, पाणी हळूहळू झिरपतं आणि माती भेगाळत नाही. मे अखेरच्या नवतप्यात रोज संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारा, कोरड्या हवेनं याची टोकं तपकिरी होतात. पावसाळ्यात मडकं रिकामं ठेवा, अन् पानं मलूल दिसली तर आधी बोट घालून माती पाहा, ओली असेल तर पाणी अजिबात नको.

बोअरच्या जड पाण्यानं नवीन पानं पिवळी पडतात, तेव्हा युरिया टाकून काही होत नाही, कृषी केंद्रातून चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येतं असं लोह) आणून पाकिटावरच्या मापानं द्या.

झाड थोडं दक्षिणेकडं झुकायला लागलं तर घाबरून दोरीनं ताणू नका. अरोकेरिया म्हणून याचाच भाऊ कुक पाईनही विकला जातो आणि तो विषुववृत्ताकडं झुकतोच, म्हणजे आपल्याकडं दक्षिणेला.

झाड जरा देखणं झालं की शेजारीपाजारी फांदी मागतात, लावतो म्हणतात. देऊ नका. बाजूची फांदी लावली आणि समजा मुळं धरलीही तरी ती जन्मभर आडवीच वाढते, वर जात नाही, आणि सरळ झाडासाठी शेंडाच कापावा लागतो. त्यापेक्षा पोळ्याच्या वेळेला त्यांच्यासोबत नर्सरीत जा आणि चांगलं रोप निवडून द्या.