फिल्टर लावलेलं रेप्लिकेशन दुरुस्त करायला बसण्यापूर्वी

मध्यवर्ती काउचडीबी या डेटाबेसमधून (सोर्स) शाखा १२ ची डॉक्युमेंटं, म्हणजे नोंदी, रेप्लिकेशनने, म्हणजे आपोआप नक्कल होऊन, शाखेच्या सर्व्हरवर (टार्गेट) जायला हवीत, आणि त्यातली काही जात नाहीत. अशा वेळी हात आधी फिल्टर फंक्शनकडे, म्हणजे कोणती डॉक्युमेंटं पाठवायची ते ठरवणाऱ्या कोडकडे, जातो. तो आवरावा. रेप्लिकेशनचा आयडी ठरवताना फिल्टरचा कोडही धरला जातो. कोड बदलला की आयडी बदलतो, जुने चेकपॉइंट (कुठवर पोचलो त्याच्या खुणा) निकामी होतात आणि चेंजेस फीड (सोर्सवरच्या बदलांची यादी) पहिल्यापासून वाचायला सुरुवात होते. त्या गोंधळात मूळ दोषाचा माग हरवतो. तेव्हा आहे तो फिल्टर आणि रेप्लिकेशनचं डॉक्युमेंट, क्वेरी पॅरामीटर्ससकट, जसंच्या तसं उतरवून ठेवा.

मग जायला हवं होतं पण गेलं नाही असं एक नेमकं डॉक्युमेंट पकडा. ‘काही नोंदी दिसत नाहीत’ एवढ्यावर तपास होत नाही. त्याचा आयडी आणि सोर्सवरची रिव्हिजन (आवृत्तीची खूण) लिहून घ्या, आणि टार्गेटवर तोच आयडी मागून बघा. ४०४ (‘सापडलं नाही’) येईलच, पण त्यासोबतचं कारण वाचा: ‘मिसिंग’ आहे की ‘डिलिटेड’? ‘डिलिटेड’ असेल तर ते तिथे कोणीतरी उडवलं आहे. सोर्सची रिव्हिजन टार्गेटला आधीच ठाऊक असेल, तर ती पुन्हा येणार नाही, फिल्टर कितीही तपासा.

काउचडीबी २.१ पासून शेड्युलरचं एंडपॉइंट (रेप्लिकेशनची स्थिती सांगणारा पत्ता) मिळतं, त्यातले आकडे समोर हवेत. तपासलेल्या रिव्हिजन शून्यावर अडल्या असतील तर फिल्टरमधून काहीच बाहेर पडत नाही. तपासल्या बऱ्याच पण गहाळ सापडल्या शून्य, म्हणजे टार्गेटकडे त्या आहेतच. लिहिताना फसलेल्या डॉक्युमेंटांचा आकडा वाढत असेल तर फिल्टर निर्दोष आहे. टार्गेटचं व्हॅलिडेशन फंक्शन (लिहिण्याआधी डॉक्युमेंट तपासणारा कोड) त्यांना नाकारतंय, किंवा अ‍ॅडमिन नसलेल्या युजरच्या नावाने डिझाइन डॉक्युमेंटं (फिल्टरसारखा कोड ठेवणारी खास डॉक्युमेंटं) लिहायचा प्रयत्न चालला आहे.

फिल्टर हाताने चालवायची सोयही करून ठेवा: सोर्सच्या चेंजेस फीडला तोच फिल्टर, तीच पॅरामीटर्स आणि, हे महत्त्वाचं, रेप्लिकेशनचाच युजर. फिल्टरचं डिझाइन डॉक्युमेंट सोर्सवर असावं लागतं. पॅरामीटर यूआरएलमधून स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतं, त्यामुळे डॉक्युमेंटमध्ये १२ हा नंबर असेल तर तीन बरोबर-चिन्हांची तुलना (===, जी प्रकारही जुळवते) कायम खोटी ठरते. शिवाय फिल्टरपुढे डिझाइन डॉक्युमेंटंही येतात. त्यांत तुमचं ‘टाइप’ फील्ड नसतं, आणि त्यावर थेट मेथड चालवली की एरर येऊन फीडच कोसळतो.

सर्वात जास्त वेळ डिलीटसाठी राखून ठेवा. साधी डिलीट विनंती केली की टूमस्टोनमध्ये (डिलीट झालेल्या डॉक्युमेंटच्या जागी उरणाऱ्या नोंदीत) आयडी, रिव्हिजन आणि डिलीट झाल्याची खूण एवढंच उरतं. फिल्टर शाखा विचारतो, शाखा तिथे नसते, आणि सोर्सवरून उडवलेली नोंद टार्गेटवर सुखाने नांदते. यावर दोन उपाय आहेत: फिल्टरने डिलीट झालेलं सगळंच सोडायचं, म्हणजे प्रत्येक शाखेला इतरांचेही टूमस्टोन जातात, किंवा डिलीट करताना शाखा आणि टाइप ही फील्डं ठेवून, डिलीटची खूण लावून डॉक्युमेंट अपडेट करायचं. मी दुसरा घेईन. आधीच्या टूमस्टोनवर मात्र त्याचा उपयोग नाही.

याचंच भावंड म्हणजे शाखा बदललेली नोंद. १२ ची १५ झाली की नवी रिव्हिजन १२ च्या फिल्टरमधून जात नाही आणि तिथे जुनी प्रत पडून राहते. काय पाठवायचं एवढंच फिल्टर ठरवतो; टार्गेट झाडून काढणं त्याच्याकडे नाही. ती प्रत तुम्हालाच काढावी लागते, आणि रेप्लिकेशन दोन्ही दिशांनी चालू असेल तर जपून, कारण ते डिलीट उलट मध्यवर्ती सर्व्हरवर जाऊन डॉक्युमेंटच्या इतिहासाला जादा फाटा फोडतं.

फिल्टर नुसती फील्डं जुळवत असेल, तर २.० पासून आलेला सिलेक्टर (कोडऐवजी फील्डांच्या अटी लिहून केलेली गाळणी) वापरायचा विचार टिपून ठेवा. जावास्क्रिप्टच्या वेगळ्या प्रोसेसमधून प्रत्येक डॉक्युमेंट फिरवण्यापेक्षा तो बराच वेगवान पडतो. पाउचडीबीत (ब्राउझरमध्ये चालणारा, काउचडीबीशी जुळणारा डेटाबेस) क्लायंटवर फंक्शन म्हणून दिलेला फिल्टर सगळी डॉक्युमेंटं उतरवून घेऊन मगच गाळतो, हेही लक्षात असू द्या.

आणि फिल्टर काढून, फक्त त्या पकडलेल्या डॉक्युमेंटचा आयडी देऊन चालवायचं एकवेळचं रेप्लिकेशन लिहून तयार ठेवा. ते पोचलं तर नेटवर्क, पासवर्ड आणि व्हॅलिडेशन यांवरचा संशय मिटतो. मग फिल्टर उघडायला हरकत नाही.