गच्चीवर पाऊस मोजायचा तर: नाशिककरांसाठी घरचा पर्जन्यमापक

इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात पडतो साधारण ७०० मिमी. आणखी पूर्वेला, येवला आणि सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावांत, त्याहूनही कमी. एवढ्याशा अंतरात पाऊस इतका बदलत असेल, तर जिल्ह्याच्या सरासरीवरून तुमच्या गल्लीत किती पडला हे कळणार नाही. त्यासाठी तिथेच मोजावं लागतं, आणि थोडक्या सामानात ते नीट जमतं.

कोल्ड्रिंकची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून, बाहेरून पट्टी चिकटवायची ही शाळेतली पद्धत मात्र सोडून द्या. त्या बाटलीच्या तळाला खोलगट खाचा असतात, मधे कंबर असते, त्यामुळे पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर पाऊस होत नाही. पाण्याची उंची पाहू नका. पाणी मिलीलिटरमध्ये मोजा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. मग खालचं भांडं कसल्याही आकाराचं असलं तरी चालतं.

सामान: प्लंबर ज्याला चार इंची म्हणतात त्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंमीचा तुकडा, त्याच्या आत जेमतेम बसेल असं नरसाळं, सिलिकॉन, दोन लिटरची बाटली, एक जुनी बादली आणि मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज.

पाइप अगदी काटकोनात कापून घ्या. वरच्या कडेला बाहेरच्या बाजूने कानस मारून धार आणा. जाड सपाट कडेवर पडलेला थेंब आतही जातो आणि बाहेरही. नरसाळं कडेपासून दहा सेंमी खाली बसवा आणि फट सिलिकॉनने बंद करा. हे दहा सेंमी फार महत्त्वाचे आहेत. नुसतं नरसाळं ठेवलं तर मुसळधार सरीत थेंब उताराच्या कडेवर आपटून बाहेर उडतात, आणि नेमका जोराचा पाऊसच कमी भरतो. सिलिकॉन एक दिवस वाळू द्या, मग पाणी ओतून गळती तपासा.

आता व्यास. तो आतून मोजायचा, आणि दोन दिशांनी, कारण पाइप बऱ्याचदा किंचित लंबगोल असतो. दोन्हींची सरासरी घ्या. समजा १०.५ सेंमी आला. १०.५ गुणिले १०.५ गुणिले ०.७८५ म्हणजे सुमारे ८६.६ चौरस सेंमी. म्हणजे ८.६६ मिली पाणी जमलं की १ मिमी पाऊस झाला. सकाळी १५६ मिली निघालं, तर १८ मिमी. व्यास चुकून बाहेरून, ११ सेंमी धरला, तर क्षेत्रफळ ९५ होतं आणि तोच पाऊस १६.४ मिमी दिसतो. फक्त पाच मिलिमीटरच्या चुकीने रोजचा आकडा दरवेळी नऊ टक्के कमी येत राहील.

दोन लिटरच्या बाटलीत अशा तोंडातून २३० मिमीपर्यंत पाऊस मावतो. नाशिकला तेवढं पुरेल. त्र्यंबक, इगतपुरी, घोटीकडे बसवणार असाल तर पाच लिटरचा कॅन घ्या, झडीच्या दिवसांत बाटली उतू जाऊ शकते.

बादलीत विटांचे तुकडे भरून बाटली मधोमध ताठ उभी करा आणि नरसाळ्याची नळी बाटलीच्या तोंडात जाईल असा वर पाइप बसवा. पाइपची कड आडवी आहे का हे गवंड्याच्या पाणसळीने पाहा.

जागा निवडताना सर्वाधिक चुका होतात. झाड, भिंत, टाकी यांपैकी जे जवळ असेल त्याच्या उंचीच्या दुपटीइतकं तरी अंतर हवं. जमिनीवर ठेवलं तर कड ३० सेंमी उंच राहू द्या, खाली गवत किंवा खडी असावी, फरशीवरून उडालेले शिंतोडे आत येतात. गच्चीवर वाऱ्याचा त्रास मोठा. भिंतीवर आदळलेला वारा कठड्यावरून उसळी मारून वर चढतो आणि थेंबांना पुढे ढकलतो. कठड्याला लागून ठेवलेल्या मापकात म्हणूनच पाऊस कमी पडतो. गच्चीच्या मधोमध, टाकीपासून लांब ठेवा. बाल्कनीत ठेवूच नका.

रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याचीही हीच वेळ आहे, त्यामुळे आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो. १२ जुलैच्या सकाळी मोजलेला पाऊस १२ जुलैलाच लिहायचा, जरी तो ११ च्या संध्याकाळी पडलेला असला तरी. पाऊस नसेल तर ० लिहा. रकाना रिकामा ठेवू नका. दोन महिन्यांनी कोरडा दिवस कोणता आणि मोजायचं राहिलं तो दिवस कोणता, हे कळत नाही. पाणी रोज ओतून टाका, नाहीतर डास होतील. वडापिंपळाचं पान नळीत अडकलं तर पाणी वरच साचून राहतं आणि ऊन पडलं की उडून जातं. म्हणून बाटली काढण्याआधी नरसाळ्यात एकदा डोकवा.

आकड्यांचा अर्थ असा: २.५ मिमी किंवा जास्त झाला तर तो पावसाचा दिवस. १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. शेतकऱ्याला दुसरा हिशेब जास्त उपयोगी: १ मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी.

मजा येते ती तीन ठिकाणी मोजल्यावर. त्र्यंबकला, नाशिकला आणि सिन्नरला ओळखीचं कुणी असेल तर तिघांनी जुलैभर एकाच पद्धतीने मोजावं. समुद्रावरून येणारा ओला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडतो आणि वर चढू लागतो. ढग धरेपर्यंत दर १,००० मीटरला तो जवळपास दहा अंशांनी थंड होतो, वाफेचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर सांडतं. पलीकडे उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात. याला पर्जन्यछाया म्हणतात. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीकडे पाहिलं की दिसणाऱ्या पायऱ्या लाव्ह्याच्या थरांच्या आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. कठीण थराचा कडा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. कसाऱ्याकडे ही भिंत एकदम खाली कोसळते, नाशिककडे मात्र हळूहळू उतरते. म्हणून वाऱ्याला चढ खडा आणि उतार लांब.

शहरात नुसती भुरभुर असताना गोदावरी का चढते, तेही या तीन वह्यांत दिसतं. गंगापूर धरणाचं पाणलोट पश्चिमेला डोंगरात आहे. त्र्यंबककडे झड लागली, धरण भरत आलं, विसर्ग सुरू झाला की रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला पाणी लागतं, आणि तुमच्या गच्चीवरच्या बाटलीत त्या दिवशी ४ मिमी असू शकतात.

परतीच्या पावसाची तऱ्हा वेगळी. तो दुपारच्या उन्हाने तापून वर गेलेल्या हवेचा, गडगडाटी आणि तुकड्यातुकड्यांनी पडणारा. सिडकोत ३० मिमी आणि पंचवटीत ० लिहिलं गेलं तर दोन्ही वह्या बरोबर असू शकतात. शेऱ्याच्या रकान्यात सर किती वाजता आली तेवढं लिहा. गारा पडल्या तर मापक घरात आणून झाकून ठेवा, आपोआप वितळू द्या आणि मग मोजा. घाई असेल तर सिरिंजने ५० मिली गरम पाणी मोजून घाला आणि शेवटी तेवढं वजा करा. थंडीत निफाडकडे पहाटे नळीतून दोन-चार थेंब निघतात, ते दवाचे. ते पावसात धरू नका, शेऱ्यात ‘दव’ लिहा. द्राक्षबागेत भुरी आणि डाऊनी या रोगांवर नजर ठेवणाऱ्याला त्या नोंदीचा उपयोग होतो.