अण्णांचं घोरणं आणि बोटावरचा चिमटा

अण्णा घोरायला लागले की आई म्हणायची, "दमतेत रे दिवसभर." पण परभणीच्या उन्हाळ्यात माळवदावर त्यांच्याशेजारी झोपलो, तर घोरणं मध्येच बंद! मोजलं. २२ सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार.

कोरोनातला ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा बोटावरचा चिमटा, कपाटातून काढला. जागेपणी ९७, झक्कास. झोपेत लावला तर कूस बदलली की निघायचा, आणि आकडा बघायला मीच जागा. शेवटी रात्रभर नोंद ठेवणारा, मनगटाला बांधायचा ऑक्सिमीटर घेतला. सकाळी मोबाईलवर आलेख पाहिला, तर करवतीचे दाते: ९४ वरून ८१, परत वर, परत खाली.

नुसत्या यावरून स्लीप ॲप्नियाचं (झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं) निदान होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. संभाजीनगरला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, केली. तासाला ३८ वेळा श्वासात अडथळा. ३० च्या वर म्हणजे तीव्र. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आलं. मोठा मास्क अण्णांनी चार रात्री भिरकावला, नाकापुरता छोटा दिल्यावर जमलं. लाईट गेली की मशीन बंद, म्हणून ते इन्व्हर्टरवर घेतलं. (हे आधीच सुचायला हवं होतं.)

आता आकडा ९२ च्या खाली क्वचितच जातो. आईला मात्र आवाजाशिवाय झोप येईना.