वनौषधी शिकायच्या तर पहिलं वर्ष ओळखीला द्या

वनौषधी शिकायला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, कुठल्या आजारावर काय द्यायचं? ते पुस्तकात मिळतं. हातातली वेल नेमकी कुठली, हे मात्र झाडासमोर बसूनच कळतं आणि तिथे चूक झाली तर पुढचं सगळं ज्ञान उलटतं. म्हणून घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरातल्या वीस वनस्पती निवडा. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, तिन्ही ऋतूंत त्याच बघा. फुलाफळांवर असताना झाड ओळखणं सोपं असतं. खरी परीक्षा पानं झडल्यावर होते.

सुरुवात गुळवेलीपासून करा. तिच्या खोडावरची पातळ, कागदी साल नखाने निघते आणि खाली हिरवा थर दिसतो. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तिचीच बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर जागोजागी उठलेल्या गाठी असतात आणि कापल्यावर दुधी स्राव येतो. कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर वाढला, तेव्हा यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या आणि आयुष मंत्रालयाला या दोन जातींतला फरक लोकांना समजावून सांगावा लागला. तरीही यकृताचा विकार असलेल्या माणसाला खरी गुळवेलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अशोकाच्या ओळखीतही अशीच गल्लत होते. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळ, लहरी कडांच्या पानांचा आसुपालव औषधातला अशोक नव्हे. औषधातल्या सीता अशोकाला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात.

प्रत्येक वनस्पतीचा दाबलेला नमुना करा. फूल किंवा फळ असलेली, साधारण ३० सेंटिमीटरची फांदी वर्तमानपत्रात पसरून घ्या. एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे मागची लव आणि शिरा दिसतील. वर वजन ठेवा. पहिला आठवडा कागद रोज बदला; पावसाळ्यात यात आळस केला तर नमुना काळा पडतो, बुरशी येते. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून रंग, वास, झाडाची उंची, जागा, तारीख आणि तिथल्या लोकांनी सांगितलेलं नाव जागेवरच लिहून घ्या. शंका राहिली तर पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, इथे परवानगी काढून नमुना ताडून घ्यावा.

माल गोळा करताना साल कधीही झाडाभोवती गोल काढू नका, झाड मरतं. फांदीची साल एका बाजूने, पट्टीएवढी काढा. मुळं हवी असतील तर बी पडून जाऊ द्या. नरक्या या औषधी झाडाची सह्याद्रीत जी तोड झाली, ती पाहता जंगलातून ओरबाडण्यापेक्षा रोपं लावायला शिकणं हेही या कामाचाच भाग आहे. अभयारण्यातून काही उचलणं गुन्हा आहे. गुळवेलीचं अंगठ्याएवढं जाड खोड घेऊन दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून सावलीत वाळवा. अख्खं खोड टांगून ठेवलं तर ते वाळण्याऐवजी फुटतं, कोंब येतात.

मग काढा करायला शिका. कठीण द्रव्याची १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आच, ४० मिली उरवायचं. भरडच हवी, बारीक चूर्ण तळाला लागतं आणि गाळलं जात नाही. आच मोठी केली तर पाणी उडून जातं, अर्क उतरत नाही. झाकण ठेवायचं नाही. तुळस, गवती चहा अशा सुवासिक पानांचं मात्र उलट: ती उकळायची नाहीत, वर कढत पाणी ओतून झाकून ठेवायची, कारण त्यांचं तेल वाफेबरोबर जातं. हिरडा, बेहडा लोखंडी भांड्यात टाकू नका, काढा काळा होतो. केलेला काढा त्याच दिवशी संपवा.

औषधी तेलाचं प्रमाण १:४:१६. म्हणजे १०० ग्रॅम कल्क (वनस्पतीची वाटलेली ओली चटणी), ४०० मिली तेल, १६०० मिली काढा किंवा रस. कल्क तळाशी बसून करपतो, म्हणून सतत ढवळा. तयार झाल्याची खूण अशी: कल्काची बोटांवर वात वळते, ती विस्तवावर धरली तर तडतडत नाही आणि तेलाला फेस येतो. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. असं तेल खवट होतं.

विषारी वनस्पती आधी पाठ करा: कळलावी, वचनाग, धोत्रा, कण्हेर, गुंज. कळलावीचा कंद रताळं समजून खाल्ला गेल्याने माणसं दगावली आहेत. पानाचं टोक सुतासारखं वळलेलं दिसलं की हात आखडता घ्या. ईश्वरी या वेलीच्या कुळातल्या वनस्पतींमधल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात. साध्या ज्येष्ठमधानेही रक्तदाब वाढतो, म्हणून आधी चालू गोळ्या विचारा.

रोग्याला तपासून औषध द्यायचं असेल तर बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी लागते. त्यात साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्ष आंतरवासिता आणि प्रवेश ‘नीट’मधून. तेल-चूर्ण बनवून विकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. पदवीविना मोकळी वाट हवी असेल तर औषधी रोपवाटिका काढा, नाहीतर वाळवलेला, खात्रीने ओळखलेला माल कारखान्यांना पुरवा; तिथे लेबल लावलेला दाबलेला नमुना मालासोबत दाखवता आला तर बोलणी सोपी होतात.