किडनी दिल्यानंतरचे रिपोर्ट कसे वाचायचे

किडनी दान केलेल्या माणसाच्या हातात फॉलोअपचा रिपोर्ट पडला की नजर आधी लाल बाणावर जाते, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ५८, खाली बारीक अक्षरात "सीकेडी स्टेज ३" (सीकेडी म्हणजे किडनीचा दीर्घकालीन आजार), आणि मग रात्रभर गूगल. तर आधी एक काम करा, ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट शोधून एका फाइलला लावा. लॅबने छापलेली नॉर्मल रेंज दोन किडन्यावाल्यांची असते, तुमची तुलना तुमच्याच आकड्यांशी व्हायला पाहिजे.

उदाहरण घेऊ. ४० वर्षांची बाई, दानाआधी क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी कमी गाळते तेव्हा वाढतो) ०.७, नंतर १.०. बहुतेक लॅबच्या हिशेबाने दोन्ही नॉर्मल, बाण कुठेच नाही. पण ईजीएफआर काढायच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय फॉर्म्युल्यात टाकलं तर ईजीएफआर साधारण ११२ वरून ७३ वर आलेला असतो. म्हणजे रेंज दोन्हीकडून फसवते, कधी उगाच घाबरवते आणि कधी खरा बदल झाकून टाकते. आणि हा बदल अपेक्षितच असतो बरं का. एक किडनी काढली की फिल्टर करायची ताकद एकदम निम्मी होते, मग उरलेलीकडे रक्तपुरवठा वाढतो, ती आकारानेही थोडी मोठी होते आणि एकूण काम आधीच्या ६० ते ७० टक्क्यांवर येऊन स्थिरावतं. त्यामुळे क्रिएटिनिन जुन्या आकड्यावर परत येईल म्हणून वाट बघू नका, ते येत नाही. सहा महिन्यांच्या आसपास जो आकडा येईल तो तुमचा नवा बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेचा आधार, तो फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

टेस्टच्या आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको, भरपूर मटण-चिकन नको, पाणी नेहमीसारखं प्या, आणि जिमवाले क्रिएटिन पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच कारण त्याने किडनीला काही न होता क्रिएटिनिन वर जातं. शक्यतो दरवेळी तीच लॅब. ०.१ चा फरक आला म्हणून झोप उडवून घेऊ नका, एवढा फरक मशीनचाही असतो. बेसलाइनपेक्षा ०.२-०.३ ने वर गेलं तर मात्र लवकर परत टेस्ट करा आणि नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवा. युरिया एकट्याने बघून काही कळत नाही, प्रोटीन जास्त खाल्लं किंवा पाणी कमी पडलं तरी तो वाढतो.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे पिळदार माणसाची किडनी कागदावर उगाच खराब दिसते आणि अगदी बारीक माणसाची उगाच चांगली. असा घोळ वाटला तर सिस्टॅटिन सी ही रक्ताची टेस्ट करून घ्या, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, फक्त थायरॉइडचा त्रास, स्टिरॉइड, लठ्ठपणा किंवा सिगारेट असेल तर त्याचाही आकडा हलतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित टेस्ट रक्ताची नाहीच, लघवीची आहे. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती गळतंय ते. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल, बीपी ठीक असेल आणि ईजीएफआर वर्षानुवर्षं ५८-६० वर टिकून असेल, तर एका किडनीसाठी हे चांगलं चित्र आहे. पण रेशो परत परत ३० च्या वर आला तर क्रिएटिनिन कितीही छान असू दे, थांबू नका. युरिक ॲसिड आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) दानानंतर थोडे वर सरकतात, फॉस्फरस थोडा खाली, तेवढ्यावर स्वतःहून गोळ्या सुरू करायच्या नाहीत.

क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, बीपी आणि वजन, एवढं वर्षातून एकदा, आयुष्यभर. तब्येत ठणठणीत आहे म्हणून दोन-तीन वर्षांनी लोक सोडून देतात, आणि डायबेटिस, बीपी तर पुढेच मागे लागतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या पेनकिलर मनाने घेऊ नका, कॉन्ट्रास्टवाला सीटी स्कॅन असेल तर एकच किडनी आहे हे आधी सांगा. मूल हवं असेल तर गायनॅकला दानाबद्दल पहिल्याच भेटीत सांगा, कारण प्रेग्नन्सीत बीपी वाढायचा धोका दात्यांमध्ये थोडा जास्त असतो.

आणि इन्शुरन्स किंवा नोकरीच्या मेडिकलमध्ये कुणी नुसता ईजीएफआर बघून "किडनीचा आजार" असं लिहायला लागलं तर नेफ्रोलॉजिस्टकडून एक पत्र घेऊन ठेवा, त्यात दानाची तारीख, आधीचा आणि आताचा आकडा आणि लघवीचा रिपोर्ट एवढं असलं की झालं.