शाळा उघडताना आधी खिडक्या उघडा : साथीच्या काळात वर्ग सुरक्षित कसा करावा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे त्या उघडत-मिटत राहिल्या. २३ नोव्हेंबर २०२० ला काही जिल्ह्यांत नववी ते बारावीचे वर्ग भरले, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरांत आठवीपासून वर्ग सुरू झाले. डिसेंबरात लहानग्यांची पाळी आली, तोच कोरोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा घरी बसणे आले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या बहुतेक मुलांनी वर्गात पहिले पाऊल ठेवले ते दुसरीत गेल्यावर.

प्रत्येक वेळी शाळेच्या फाटकाशी पालकांचा प्रश्न एकच होता : वर्गात एकाला झाला तर सगळ्यांना होईल का? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर म्हणून मात्र अनेक ठिकाणी कपाळावर रोखलेली तापमापक बंदूक, सॅनिटायझरची बाटली आणि बाकांवर मारलेला औषधाचा फवारा एवढेच मिळाले. तेवढ्याने वर्ग सुरक्षित होत नाही. तो कसा होतो, ते इथे क्रमाने सांगते. शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात हे करून घ्या. नुसते पालक असाल तर मुख्याध्यापकांना भेटून करायला लावा.

आधी शत्रू कुठे आहे ते ओळखा

कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडा-नाकातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. जवळ बसलेल्याला धूर जास्त लागतो, पण दारे-खिडक्या लावून घेतल्या तर थोड्या वेळाने तो कोपऱ्यातल्यालाही लागतोच. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हा मार्ग स्पष्ट शब्दांत मान्य केला.

बाक, दाराची कडी, वह्या यांना हात लावून लागण होण्याची शक्यता त्या मानाने फारच कमी असते. साबणाने हात धुवायचेच, कारण जुलाब, जंत, कावीळ यांपासून त्याने खरोखर बचाव होतो. पण शाळेकडे पैसे आणि माणसे मोजकीच असतात, ती रोज बाक पुसण्यात घालवू नका. माणसांवर जंतुनाशक फवारणे तर पूर्ण बंद. २०२० मध्ये ठिकठिकाणी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले होते. असे अंगावर फवारणे कोणत्याही परिस्थितीत करू नये, असे आरोग्य संघटनेने त्याच वर्षी मे महिन्यात सांगितले होते.

वर्गात उभे राहून खिडक्या मोजा

कागदावर ‘वर्गास चार खिडक्या’ असे लिहिलेले असते. आत जाऊन पाहिले की एकीपुढे कपाट, दुसरीवर तक्ते चिकटवलेले, तिसरी माकडांच्या त्रासाने खिळे ठोकून बंद आणि चौथीची खिटी गंजून बसलेली. म्हणून खिडक्या मोजायच्या त्या उघडणाऱ्या मोजायच्या. कपाट हलवा, तक्ते भिंतीवर घ्या, खिळे काढून जाळी बसवा, खिटीला तेल द्या. हे शिपाईमामा आणि दोन-तीन पालक मिळून एका शनिवारी उरकतात, आणि अख्ख्या यादीतले सर्वांत मोठे काम एवढेच आहे.

समोरासमोरच्या दोन भिंतींत काही ना काही उघडे पाहिजे. एकाच बाजूच्या तीन खिडक्यांपेक्षा एक खिडकी आणि तिच्यासमोर उघडे दार केव्हाही बरे, कारण हवेला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. भिंतीच्या वरच्या भागात झरोके असतील तर त्यांतली कोळिष्टके आणि कोंबलेले पुठ्ठे काढून टाका. पावसाळ्यात पश्चिमेची खिडकी लावावी लागली तरी हे झरोके उघडे राहू शकतात. कोकणात तर जूनपासून हाच आधार.

आता हवा खरोखर वाहते का ते पाहा. वर्ग रिकामा असताना पंखे बंद करा आणि एक उदबत्ती पेटवा. मुलाच्या बसत्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर ती धरून आधी प्रत्येक खिडकीशी उभे राहा. धूर आत ओढला जातो, बाहेर जातो की सरळ वर चढतो, ते खडूने त्या खिडकीखाली बाणाने लिहून ठेवा. मग चारही कोपऱ्यांत जा. जिथे धूर जागच्या जागी घुटमळतो तो वर्गाचा मेलेला कोपरा, आणि बहुधा तो शेवटच्या बाकामागे, कपाटाच्या आडोशाला सापडतो. तिथे मुले बसवू नका, दप्तरे ठेवा. हीच तपासणी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करा, वारा दिवसभर एका दिशेने वाहत नाही.

पंखा, कूलर आणि एसी

छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो. खिडक्या उघड्या असतील तर तो चालवावा, बंद असतील तर त्याचा साथीशी लढायला उपयोग नाही. ज्या वर्गात उदबत्तीचा धूर हललाच नाही, तिथे एक्झॉस्ट फॅन बसवा. तो घेताना खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो तो आकडा पाहा. हिशेब सोपा आहे : ६ मीटर रुंद, ८ मीटर लांब, ३ मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा असते. ती तासाला निदान पाच वेळा बदलावी, म्हणजे ७२० घनमीटर. प्रत्यक्षात खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हवा कमीच फेकली जाते, म्हणून थोडा मोठा घ्या.

तेवढेही पैसे नसतील तर साधा टेबल फॅन खिडकीत ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला. भोवतालची फट पुठ्ठ्याने बुजवा, नाहीतर फेकलेली हवा त्याच वाटेने परत येते. समोरचे दार उघडे ठेवा. फेकलेली हवा मोकळ्या मैदानाकडे जाईल असे पाहा, शेजारच्या वर्गात किंवा मुले डबा खातात त्या व्हरांड्यात नको.

विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर लागतोच. तो खिडकीबाहेर बसवलेला असेल तर उत्तम, कारण तो बाहेरची हवा आत ओढतो. फक्त ती निघून जायला समोरची खिडकी उघडी हवी. तोच कूलर वर्गाच्या आत कोपऱ्यात ठेवला की आतलीच हवा ओली करून फिरवतो. स्प्लिट एसीचेही तसेच. गारवा टिकावा म्हणून सगळे बंद होते आणि तिथेच घात होतो.

जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत मे २०२० मध्ये हेच घडले. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, एकेका वर्गात ३५ ते ३८ मुले. उष्णतेची लाट आली म्हणून तीन दिवस मास्कची सक्ती उठवली गेली आणि वर्गांतले एसी सतत चालू राहिले. त्यानंतर त्या एका शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. आपल्याकडच्या एसी लावलेल्या शाळांच्या पालकसभेत हे उदाहरण जरूर सांगा. फी भरणाऱ्या पालकांनाच ‘खिडक्या उघडा’ म्हणायला संकोच वाटतो, असे मला दिसते. तो सोडा.

जमले तर हवा तपासणारा एक मीटर घ्या

आपण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे तो मोजला की वर्गातली किती हवा कुणाच्या तरी छातीतून जाऊन आली आहे ते कळते. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. वर्गात ८०० च्या आत असेल तर हवा चांगली आहे, १,००० च्या वर गेला तर आणखी काही उघडायला हवे. २,४०० दिसले तर समजा, मूल घेत असलेल्या हवेचा जवळजवळ विसावा हिस्सा दुसऱ्यांनी सोडलेला आहे. हिवाळ्यात खिडक्या लावून भरवलेल्या वर्गात असे आकडे यायला वेळ लागत नाही.

प्रत्येक वर्गाला वेगळा मीटर नको, शाळेला एक पुरतो. घेताना त्यात ‘एनडीआयआर’ प्रकारचा, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाने हा वायू मोजणारा सेन्सर आहे याची खात्री करा. फार स्वस्त मीटरांत तो नसतो. मुलांच्या बसण्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कुणाच्या तोंडापासून लांब ठेवा, आणि तास संपता संपता आकडा टिपा. सातवी-आठवीच्या मुलांकडेच हे काम द्या. विज्ञानाच्या वहीत आपल्या वर्गाचा आलेख काढणारी मुले पुढे खिडकी लावू देत नाहीत. हवा गाळणारे हेपा यंत्र लावले असेल तर मात्र हा मीटर त्याचे काम दाखवत नाही, कारण ते विषाणूचे कण गाळते, वायू गाळत नाही.

मोठ्याने म्हणायचे ते मैदानात म्हणा

आवाज जितका मोठा, तितके कण जास्त. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतला एक आजारी होता. पुढे ५२ जणांना लागण झाल्याचे निश्चित झाले किंवा तसे मानले गेले, आणि दोघे दगावले. आपल्या शाळेत परिपाठ, प्रार्थना, समूहगीत, पाढे, कविता हे सगळे खड्या आवाजात एकसुरात चालते, आणि ते बंद करणे मुलांवर अन्याय होईल. ते फक्त बाहेर न्यायचे. परिपाठ मैदानात, पाढे झाडाखाली. दुपारची खिचडी किंवा डबा यांनाही हाच नियम, कारण खाताना मास्क उतरतो आणि गप्पा रंगतात. एकाच व्हरांड्यात सगळे वर्ग एकदम बसवण्याऐवजी मधली सुट्टी दोन पाळ्यांत करा.

मास्क आणि आजारी मोठी माणसे

केंद्र सरकारच्या जून २०२१ च्या सूचना अशा होत्या : पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, सहा ते अकराच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, बारा आणि त्यापुढच्यांनी मोठ्यांसारखा. पहिली-दुसरीच्या मुलाचा मास्क दिवसभर नाकावर राहील असे धरून चालू नका. त्यापेक्षा मोठ्यांचा मास्क महत्त्वाचा, आणि तो नीट बसणारा हवा.

मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत एका प्राथमिक शाळेतील शिक्षकाला थकवा आणि नाक चोंदल्यासारखे वाटत होते. लस घेतलेली नव्हती. ॲलर्जी असेल असे समजून ते दोन दिवस वर्गावर आले आणि मुलांना वाचून दाखवताना अधूनमधून मास्क काढला. दारे-खिडक्या उघड्या होत्या, हेपा यंत्र चालू होते, बाक सहा सहा फुटांवर होते. तरी २४ पैकी १२ मुले बाधित निघाली : शिक्षकाजवळच्या दोन ओळींत १० पैकी ८, मागच्या तीन ओळींत १४ पैकी ४. उघडी खिडकी बरेच काही करते, पण तोंडासमोर वाचणाऱ्या आजारी माणसापुढे तीही अपुरी पडते.

म्हणून शाळेने आधीच ठरवावे की शिक्षक आजारी पडले तर वर्ग कोण घेणार. दोन शिक्षकी शाळेत एक जण न येणे म्हणजे निम्मी शाळा थांबणे, म्हणून गुरुजी अंगात कणकण असतानाही येतात. हा दोष त्यांचा नाही. गावातली एखादी पदवीधर मुलगी, निवृत्त शिक्षक, पलीकडच्या शाळेतली बाई, अशी दोन नावे समितीने लिहून ठेवली की ‘सर, तुम्ही घरी थांबा’ म्हणता येते.

घरून निघताना आणि वाटेत

लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून विषाणू दुसऱ्याला लागू शकतो, आणि पुष्कळ मुलांना ताप येतच नाही. त्यामुळे फाटकावरची बंदूक फार थोड्यांना पकडते. खरी चाळणी घरात लागते. सकाळी वेणी घालताना, डबा भरताना विचारा : घसा दुखतो का, खोकला आहे का, पोट बिघडलंय का? एक जरी हो आले तरी त्या दिवशी शाळा नाही. त्या बदल्यात शाळेने पूर्ण हजेरीची बक्षिसे साथ संपेपर्यंत बंद ठेवावीत, कारण त्या प्रमाणपत्रासाठी मुले ताप लपवतात.

व्हॅन किंवा रिक्षात मुले वर्गापेक्षा दाटीने बसतात. रिक्षाकाकांना काचा खाली आणि ताडपत्रीचे पडदे वर ठेवायला सांगा. पाऊस असेल तर निदान एका बाजूचा पडदा.

घरात आजी-आजोबा असतील किंवा कुणाचे डायलिसिस, केमोथेरपी चालू असेल, तर मोठ्यांच्या लसी आणि वर्धक (बूस्टर) मात्रा आधी पूर्ण करा. २०२२ मध्ये १५ ते १८ वयोगटाला लस ३ जानेवारीपासून आणि १२ ते १४ ला १६ मार्चपासून मिळू लागली. त्याहून लहान मुलांभोवती कुंपण होते ते मोठ्यांच्या लसीचेच.

वर्गात रुग्ण सापडला तर

मुलाचे नाव पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. वर्गशिक्षकांनी त्याच दिवशी सगळ्या पालकांना एवढेच कळवावे : वर्गात एक रुग्ण आढळला आहे, अमुक तारखेला तो शाळेत होता, पुढचे काही दिवस लक्षणांवर लक्ष ठेवा. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच फोन करा. चाचणी कुणाची आणि कधी करायची ते तिथून ठरेल. जवळ बसणारी, एका रिक्षाने येणारी, एका डब्यात जेवणारी मुले कोण, याची यादी वर्गशिक्षकांकडे आधीच तयार असेल तर अर्धा दिवस वाचतो. म्हणून बसण्याच्या जागा ठरलेल्या असाव्यात.

एका रुग्णासाठी सबंध शाळा बंद करू नका. बंद करावाच लागला तर तो वर्ग करा, आरोग्य विभाग सांगेल तितकेच दिवस. त्या दिवसांचा गृहपाठ छापून घरी पोचवा, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याकडे आधी. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ कोरडा शिधा म्हणून द्या. टाळेबंदीतही तो असाच दिला गेला होता. आणि वर्ग बंद केल्याची सूचना फळ्यावर लिहाल त्याच सूचनेत तो पुन्हा कधी उघडणार ती तारीखही लिहा.