आंबिल ओढा चालत कसा बघावा

पुण्यातला आंबिल ओढा बघायचा तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. भर पावसाळ्यात काठाला फिरकू नका. उन्हाळ्यात गेलात तर जे वाहताना दिसेल ते बहुतेक सोसायट्यांचं सांडपाणी असेल, त्यावरून ओढ्याबद्दल मत बनवू नका. जुने बूट घाला, मोबाइलवर उपग्रह-नकाशा ठेवा आणि काठी घ्या. काठी कुत्र्यांसाठी.

सुरुवात कात्रजला करा. ओढा जिला मिळतो त्या मुठा नदीकडून उलटं वर चढणारेही असतात, पण पाण्याबरोबर उतरलं की ते कुठे कुठे दाबलं जातं ते क्रमाने कळतं. घाटाकडचं डोंगरपाणी कात्रजच्या तळ्यांत येतं. याच तळ्यांतून नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास जमिनीखालून नळ बांधून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं आणि पेठांमधले हौद भरले. तळी भरली की उरलेलं ओढ्याला जातं.

पुढे बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर. काठाने सलग वाट नाही. गल्लीत शिरा, पुलावर या, परत रस्त्याला लागा. प्रत्येक पुलावर थांबून वरच्या अंगाला वाका. खांबांना काय अडकलंय? चिंध्या, प्लास्टिक, नारळ, गादीचा कापूस, एखादी अख्खी फांदी. मग काठावरच्या झाडांत तोच कचरा किती उंच लटकलाय ते बघा. पाणी तिथवर चढलं होतं. आता ओढ्याचं पात्र आणि पुलाखालची मोकळी जागा नजरेनेच ताडा. जिथे पात्र एकदम निमुळतं होतं तिथे बहुधा सीमाभिंत किंवा भराव दिसेल. एवढं जमलं तर पूर कुठे तुंबेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीपाशी आवाज जरा खाली ठेवा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढा इथे घराघरांत घुसला, भिंत पडली, माणसं गेली. पाण्याच्या खुणा बघायच्या तर बघा, पण लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका.

पर्वतीशी आल्यावर मात्र ओढा सोडून सारसबागेत जा, कारण इथे गोष्ट उलटते. जुनं पुणं दोन ओढ्यांमध्ये वसलेलं, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला हा आंबिल ओढा. तो आजच्या बाजीराव रस्त्याच्या आसपासून वाहत गावाला खेटून मुठेला मिळायचा. नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी त्याला बांध घालून पश्चिमेकडे वळवला, त्यामुळे पेठांना पसरायला जागा झाली. त्याच पायथ्याशी तळं केलं. सारसबागेचा गणपती अजून तळ्यातलाच म्हणवतो, कारण देऊळ तेव्हा बेटावर होतं. बागेच्या हिरवळीवरून देवळाकडे नीट बघा. देऊळ उंचावर आणि भोवतालची जमीन खोलगट, म्हणजे तुम्ही तळ्याच्या तळाशी उभे आहात. भेळ नंतर खा.

परत दांडेकर पुलावर या. इथून खालचा सगळा प्रवाह वळवलेला, शेवटी मुठेत जाणारा. संगमापर्यंत धड वाट नाही आणि वासही सोसवणार नाही. पुलावरूनच बघा आणि रिक्षा धरा.